पोर्ट मोरंटची लाकडी भट्टी

जॉर्जटाउनच्या स्टाब्रोक मार्केटपासून निघालेली मिनीबस डायमंडला पोचली आणि खिडकीतून मळीचा वास आत आला. मी कोल्हापूरकडच्या साखर कारखान्याच्या गावात वाढलो. हा वास मला झोपेतही ओळखता येईल. दक्षिण अमेरिकेतल्या गयानाला येण्याचं कारणही त्याच्याशीच जोडलेलं होतं. इथे एकाच पिंपातून भरलेली, म्हणजे 'सिंगल कास्क' रम बनते. ती जिथे जन्मते ती जागा मला बघायची होती.

बाजारातली बहुतेक रम मिश्रणाची असते. अनेक पिंपांतला माल जुळवून दरवर्षी तीच चव राखायची, हे ब्लेंडरचं कसब, आणि ते अजिबात सोपं नाही. सिंगल कास्कमध्ये ही जुळवाजुळव नसते. एका पिंपात जे उतरलं तेच बाटलीत येतं, आणि पिंप रिकामं झालं की ती चव परत मिळत नाही.

पण डायमंडला मला सगळ्यात जास्त गुंतवून ठेवलं ते रम गाळायच्या भट्ट्यांनी. एके काळी डेमेरारा आणि बर्बिसच्या मळ्यामळ्यावर स्वतःची भट्टी होती. एकेक कारखाना बंद पडत गेला, तशा उरलेल्या भट्ट्या डेमेरारा डिस्टिलर्स या रम कंपनीच्या इथल्या आवारात येऊन पोचल्या. त्यांतल्या तीन लाकडी आहेत. पोर्ट मोरंट या मळ्याची भट्टी म्हणजे ग्रीनहार्ट या इथल्या जंगलातल्या टणक लाकडाची दोन भलीमोठी पिपं, आणि त्यांना जोडणारी तांब्याची मान. तिचा इतिहास १७३२ पासून सांगतात. फळी कुजली की तेवढीच बदलतात, त्यामुळे आज तिच्यात मूळचं लाकूड किती हे विचारण्यात अर्थ नाही. मी जवळ उभा राहिलो, तेव्हा फळ्यांच्या सांध्यांतून ऊब येत होती. शेजारी एनमोर मळ्याची उभी, चौकोनी लाकडी 'कॉफी' भट्टी; हे नाव पेयावरून नाही, ती शोधणाऱ्या कॉफी नावाच्या माणसावरून. तशी चालू असलेली जगात दुसरी नाही.

पिंपांवर मळ्यांच्या खुणा असतात. पीएम म्हणजे पोर्ट मोरंट. ईएचपी म्हणजे एनमोरचा जुना मालक एडवर्ड हेन्री पोर्टर. मळा गेला, मालक गेला, तरी त्या भट्टीतून उतरलेल्या रमवर अजून तीच अक्षरं पडतात. मिश्रणात ती विरघळून जातात. सिंगल कास्कच्या लेबलवर मात्र ती ठळक उभी असतात, आणि माझ्या दृष्टीने या बाटलीचं खरं मोल तिथे आहे.

दुर्मीळपणाचं गणित इथल्या उकाड्यात आहे. स्कॉटलंडमध्ये मुरत ठेवलेल्या व्हिस्कीच्या पिंपातून वर्षाला साधारण २ टक्के माल उडून जातो, इथे ६ टक्क्यांच्या आसपास. २०० लिटरच्या पिंपात पंधरा वर्षांनी जेमतेम ८० लिटर उरतं. म्हणून इटलीतल्या जेनोआच्या वेलिए कंपनीने २००५ साली बाटलीत भरलेली, इथल्या स्केल्डन मळ्याची १९७३ ची रम आज संग्राहकांकडे लाखो रुपयांना जाते. ती रम ३२ वर्षं पिंपात होती. एवढ्या किमतीची बाटली कपाटात बंद राहते याचं मला मनापासून वाईट वाटतं. ज्यांनी ऊस तोडला त्यांच्या गावाचं नाव त्या काचेवर आहे, आणि तो वास कुणी घेतच नाही.

मी पीएमची एक सिंगल कास्क बाटली घेतली आणि दुसऱ्या दिवशी पोर्ट मोरंटचा रस्ता धरला. बर्बिस नदीवरचा तरंगता पूल ओलांडला की कोरंटाइनचा सपाट किनारा लागतो. कालव्यांतून उसाने भरलेल्या लोखंडी होड्यांची माळ ओढत नेतात, त्या होड्यांना इथे पंट म्हणतात. आमच्याकडच्या बैलगाड्यांच्या रांगेची आठवण झाली. घरांसमोर बांबूला लाल-पिवळ्या झेंड्या लावलेल्या. ५ मे १८३८ ला पहिली दोन जहाजं कलकत्त्याहून इथे गिरमिटिया, म्हणजे करारावर बांधलेले, मजूर घेऊन आली. १९१७ पर्यंत सुमारे २ लाख ३९ हजार माणसं आली, मुख्यतः बिहार आणि संयुक्त प्रांतातली. गयानाचे माजी राष्ट्राध्यक्ष छेदी जगन याच गावात जन्मले, आणि वेस्ट इंडीजचे फलंदाज रोहन कन्हायही. गावसकरांनी मुलाचं नाव रोहन ठेवलं ते याच कन्हायवरून, आणि गावसकरांचं पहिलं कसोटी शतकही इथल्याच जॉर्जटाउनला, १९७१ साली. लहानपणापासून ऐकलेल्या त्या नावाचं गाव पायाखाली होतं.

रमच्या दुकानाबाहेर बाकावर एक म्हातारे गृहस्थ बसले होते. इथे वडीलधाऱ्यांना सगळे 'अंकल' म्हणतात, मीही तेच म्हटलं. चाळीस वर्षं ऊस तोडलेला माणूस. मी बाटली दाखवली. त्यांनी चष्मा वर करून लेबलवरची अक्षरं वाचली आणि विचारलं, "आमची पोर्ट मोरंट?"

बाटली घरी न्यायची ठरवली होती. तिथेच उघडली. आधी ज्येष्ठमधाचा वास, मग बडीशेप, मग काकवी, आणि सगळ्यात शेवटी जुन्या वाड्यातलं लाकडी कपाट उघडल्यासारखा वास. अंकलनी पेला नाकाशी बराच वेळ धरला. पूर्वी कारखाना चालू असताना गावभर असाच वास यायचा, म्हणाले. मग एक घोट घेतला आणि दुकानदाराला हाक मारून शहाळं मागवलं.

"नारळपाण्याबरोबर पी," ते म्हणाले. "इथे अशीच पितात."

मी पेला पुढे केला.