तुम्ही विचारलंत म्हणून: दोन आकड्यांपैकी खरा कुठला?

'एनव्हिडिया-एसएमआय म्हणतं कूडा १२.४, एनव्हीसीसी म्हणतं ११.८. खरं कुणाचं?' हा प्रश्न स्क्रीनशॉटसकट येतो, बहुधा रात्री. (कूडा म्हणजे एनव्हिडियाच्या ग्राफिक्स कार्डावर प्रोग्रॅम चालवायची यंत्रणा; एनव्हिडिया-एसएमआय ही कार्डाची माहिती दाखवणारी आज्ञा, एनव्हीसीसी हा कूडाचा कंपाइलर.) दोघांचंही खरं आहे हो! पहिला आकडा ड्रायव्हरची झेप सांगतो, म्हणजे तो कुठल्या कूडापर्यंत चालवू शकतो ते; टूलकिट (कंपाइलर आणि लायब्रऱ्यांचा संच) मुळीच नसलं तरी तो दिसतो. दुसरा, पाथमध्ये (आज्ञा शोधायच्या फोल्डरांच्या यादीत) आधी सापडलेल्या टूलकिटचा. आणि पायटॉर्च (मशीन लर्निंगची लायब्ररी) पिपने, म्हणजे पायथनच्या इन्स्टॉलरने, घेतलं असेल तर ते आपलं कूडा रनटाइम (चालवायला लागणाऱ्या लायब्रऱ्या) बरोबरच आणतं, तिथे एनव्हीसीसीला कुणी विचारतच नाही.

मग हमखास पुढचा प्रश्न: 'म्हणजे नव्या टूलकिटला जुना ड्रायव्हर चालेल ना?' इथे मी घुटमळतो आणि तुम्हाला वाटतं, टाळतोय.

पूर्वी बेधडक 'चालेल' म्हणायचो. नियमच तसा आहे: लिनक्सवर ड्रायव्हर ५२५.६०.१३ किंवा त्यापुढचा असला की १२ मालिकेतलं कुठलंही टूलकिट चालावं. आमच्या सामायिक मशीनवर ५२५ मालिकेतलाच ड्रायव्हर होता, टूलकिट १२.४. पायटॉर्च सुरळीत. आम्हीच लिहिलेल्या एका कर्नलने (कार्डावर चालणाऱ्या फंक्शनने) मात्र मान टाकली. एरर अशी: पीटीएक्स (कार्डासाठीचा मधल्या टप्प्यातला कोड) असमर्थित टूलचेनने कंपाइल झालाय. 'तुम्हीच म्हणालात ना, चालेल?' सहकाऱ्याने ऐकवलं. टूलकिट काढून पुन्हा टाकलं, पाथ तपासले, एरर तीच. शेवटी बिल्ड फाइल उघडली. कुठल्या कार्डपिढीसाठी कंपाइल करायचं ते सांगणारं आर्किटेक्चर एसएम_७०, म्हणजे ७.०; आमचं कार्ड ८.६ चं. ७.० चं बायनरी ८.६ वर चालत नाही, म्हणून ड्रायव्हर सोबतचा पीटीएक्स घेऊन जागेवर कंपाइल करू पाहत होता, आणि १२.४ ने लिहिलेला पीटीएक्स ५२५ ला वाचता येत नाही. पायटॉर्चकडे ८.६ चं तयार बायनरी होतं, त्याला ही वेळच आली नाही. एसएम_८६ जोडलं, चाललं.

नियम खोटा नव्हता. तयार बायनरीपुरता तो आजही सांगेन. 'मग ड्रायव्हरच का नाही बदललात?' कारण त्याच मशीनवर दुसऱ्यांचं ट्रेनिंग चालू होतं. कार्ड वापरात असताना ड्रायव्हरचं कर्नल मॉड्यूल (इथे कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा) उतरत नाही.

'ड्रायव्हर नवा ठेवा' हेही आता सरसकट सांगवत नाही. नवा ड्रायव्हर जुनं टूलकिट चालवतो, कबूल. पण मॅक्सवेल, पास्कल, व्होल्टा या जुन्या कार्डपिढ्यांना ५८० ही ड्रायव्हरची शेवटची शाखा, आणि कूडा १३ त्यांच्यासाठी कंपाइलच करत नाही. पास्कलवाल्यांना मी ५८० आणि १२ चं टूलकिट सुचवतो. किती वर्षं, ते मात्र विचारू नका.