खाडीकडचे टेबल

रात्रीच्या जेवणासाठी पाण्याकाठचे हॉटेल का निवडावे, हे मला अजून नीटसे कळलेले नाही, कारण रात्री पाणी दिसत नाही. जुलैच्या सुरुवातीला मालवणच्या बाजूला सूर्य सव्वासातच्या सुमारास मावळतो, आभाळ भरलेले असले तर त्याच्या बरेच आधी सगळे करडे होऊन जाते. आणि ज्येष्ठांच्या गोळ्या, लहानांचे कपडे व ऐन निघताना कोणाचे तरी न सापडणारे पाकीट हे सगळे धरता कोणतेही मराठी कुटुंब साडेआठच्या आत हॉटेलात पोचत नाही. तरीही फोन करताना दादाने ‘खाडीकडचेच टेबल पाहिजे’ असे दोनदा बजावले होते, आणि पलीकडच्या माणसानेही तितक्याच गांभीर्याने तसे आश्वासन दिले होते. त्या टेबलावरून आम्हांला काय दिसले, तर पावसासाठी सोडलेला जाड पारदर्शक प्लास्टिकचा पडदा, त्यावरून ओघळणारे पाणी, आणि ट्यूबलाइटच्या उजेडात त्यात उमटलेले आमचेच चेहरे. पडद्यापलीकडे कर्लीची खाडी आहे याला फोनमधल्या नकाशाचा तेवढा पुरावा होता.

निमित्त बाबांच्या पंचाहत्तरीचे होते. बाबांचे गाव तिथून जवळच, पण गावच्या घराचे छप्पर त्या पावसात इतकी माणसे झोपवण्याच्या अवस्थेत नव्हते, म्हणून आम्ही सगळे देवबागला एका लॉजमध्ये उतरलो होतो. देवबाग ही एका बाजूला अरबी समुद्र आणि दुसऱ्या बाजूला कर्ली नदी अशी मधली चिंचोळी पट्टी. तिथे कुठेही हॉटेल काढले तरी ते पाण्याकाठचेच होते. उन्हाळ्यात आणि दिवाळीत या पट्टीवर पाय ठेवायला जागा नसते. पावसाळ्यात सिंधुदुर्ग किल्ल्याकडे जाणाऱ्या होड्या बंद, पाण्यातले खेळ बंद, निम्म्या लॉजना कुलपे, आणि जी हॉटेले उघडी असतात त्यांतही आचारी सुट्टीवर गेलेला असण्याची शक्यता दाट. हे बाबांना ठाऊक होते आणि त्यांनी ते एकदा सांगूनही पाहिले. पण दादाला वडिलांसाठी काहीतरी थाटाचे करायचे होते, आणि आई व वहिनी यांना त्या दिवशी चुलीपुढे उभे राहायचे नव्हते. यातले दुसरे कारण मला तेव्हाही पटले होते आणि आजही पटते. घरच्या जेवणाची थोरवी गाणाऱ्यांत ते जेवण रांधणारे फार क्वचित असतात.

बसण्याची तऱ्हा अशी की चार टेबले एकाला एक जोडून एक लांबलचक पंगत केलेली. वर पत्रा आणि पत्र्यावर मालवणी पाऊस, म्हणजे शेजारच्या माणसाशीही ओरडूनच बोलायचे. बाबा ज्या टोकाला बसले होते तिथे काय चालले आहे हे आमच्या टोकाला पाच-सहा तोंडांतून फिरत यायचे आणि येईपर्यंत त्याचा अर्थ बदललेला असायचा. मग मेनूकार्ड आले. आपल्याकडे मेनूकार्ड हातात आले की प्रत्येक जण ‘मला काहीही चालेल’ असे म्हणतो आणि शेजाऱ्याकडे सरकवतो. ते सगळ्या टेबलाची प्रदक्षिणा करून दादाकडे परत आले तेव्हा निर्णय असा एकच झाला होता, की आत्याचा शनिवार असल्यामुळे तिच्यासाठी पनीर सांगायचे. मासळीच्या पानावर बहुतेक नावांपुढे किंमत नव्हतीच, ‘साइजप्रमाणे’ एवढेच छापलेले होते, आणि ज्या पदार्थाची किंमत विचारायला संकोच वाटेल तो मागवताना घरातला कर्ता माणूस जसा आवाज उंचावतो, तसाच दादाने तो उंचावला.

त्या कार्डात सुरमई होती, सरंगा होता, २०२३ मध्ये पापलेटाला राज्य मासा ठरवले गेले याचा अभिमान वाटावा इतक्या ठळक अक्षरांत त्याचे चित्र होते, कोळंबी होती, रावस होता. नव्हता तो फक्त जुलै महिना. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. मासळीच्या विणीचा हा हंगाम, आणि दर्यालाही तेव्हा उधाण असते. ट्रॉलर आणि मोठ्या होड्या किनाऱ्यावर ओढून, झापांनी किंवा ताडपत्रीने शाकारून ठेवलेल्या असतात. त्या आम्ही त्याच दुपारी रस्त्याच्या कडेला पाहिल्याही होत्या. या दोन महिन्यांत कोकणातली माणसे उपाशी राहत नाहीत. पहिल्या पावसात ओढ्यांतून वर येणारे चढणीचे मासे असतात, खाडीतल्या तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, असतात, बिनयंत्राच्या होडीवाल्याने काठाकाठाने जे काही आणले असेल ते असते, आणि उन्हाळ्यात वाळवून डब्यात भरलेले सुके बांगडे व सुकट तर असतेच. यातले एकही नाव कार्डात नव्हते. जो हंगाम चालू नव्हता त्याचे सगळे होते आणि जो चालू होता त्याचे काहीच नव्हते.

बाबांनी वाढणाऱ्या मुलाला ‘मासो खयचो रे?’ म्हणून विचारले. तो मुलगा दूरच्या कुठल्या तरी राज्यातून अलीकडेच आलेला होता. त्याला प्रश्न कळला नाही, पण प्रश्न विचारणाऱ्याचा चेहरा कळला, आणि त्याने अदबीने ‘एकदम फ्रेश है, साब’ असे उत्तर दिले. मग त्याने दाखवायला ट्रे आणला. घरी मासळी आली की बाबा आधी कल्ला उचलून आतला लाल रंग बघतात, मग डोळा, मग बोटाने अंग दाबून खळगा वर येतो का ते. ट्रेमध्ये तुकड्याच होत्या, त्यांना ना कल्ला ना डोळा. बाबांनी एका तुकडीवर बोट दाबले. खळगा तसाच राहिला आणि त्यात हळूहळू पाणी साचले. ते पाणी बाबांनी पाहिले, मी पाहिले, आणि त्या मुलानेही पाहिले. ‘आणा,’ बाबा म्हणाले.

पुढे जे ताटात आले त्याचे मूळ त्या पाण्यात होते. मासा सावकाश गोठला की त्याच्या मांसातल्या पाण्याचे मोठे स्फटिक होतात, ते पेशी फाडतात, आणि बर्फ वितळला की ते पाणी मांसात न थांबता बाहेर येते. अशी तुकडी रव्यात घोळवून तव्यावर टाकली की आतल्या पाण्याची वाफ होऊन ती रव्याचे आवरण मांसापासून सुटे करते. आमच्या सुरमईचे तेच झाले होते. वरचा रवा कुरकुरीत, सोनेरी, जाहिरातीत शोभेल असा. काटा लावला की तो अख्खा टोपीसारखा निघून यायचा आणि आत ओलसर, भुसभुशीत, कोणत्याही चवीचा आग्रह न धरणारा मासा बसलेला असायचा. मुलांनी टोप्या खाल्ल्या आणि मासा ठेवला. त्यांच्यावर कोणी ओरडले नाही.

रश्श्याची गोष्ट जास्त खेदाची. कोळंबीचा रस्सा, बांगड्याची करी आणि खेकडा मसाला असे तीन वाडगे आले आणि तिन्हींत एकच पातळ, लाल, वर तेलाचा तवंग असलेले वाटण होते. वाडग्याच्या तळाशी जाऊन बघितल्याशिवाय कोणता कोणता ते सांगता येत नव्हते. मालवणी स्वयंपाकाची सगळी अक्कल खरे तर या फरकांतच आहे. बांगड्याच्या तिखल्याला तिरफळ लागते, कारण त्या मासळीचा उग्रपणा तिरफळाशिवाय वठणीवर येत नाही. सरंग्याला ओल्या खोबऱ्याचे सौम्य वाटण आणि दोन सोले, म्हणजे सुकी कोकमे, पुरतात. त्याच्यावर मसाल्याचा मारा करणे हा त्या माशाचा अपमान समजला जातो. तिसऱ्या सुक्या करायच्या, त्यांचेच पाणी त्यांत आटवायचे. कांदा-खोबरे खरपूस भाजून केलेले जाडसर वाटण कोंबडीचे. आईने तिन्ही वाडग्यांतून चमचा-चमचा घेतला आणि चौथा, आत्याच्या पनीरचा, पुढे ओढून त्यातूनही घेतला. ‘तेच आहे,’ ती म्हणाली. आत्याने हातातला घास खाली ठेवला, आणि शनिवार मोडला की नाही या प्रश्नावर त्या टोकाला बराच वेळ चर्चा चालली, जिचा निकाल पावसामुळे आमच्यापर्यंत पोचलाच नाही.

वडे कढईतून थेट पानात पडायला हवेत; आमचे टोपलीत बराच वेळ बसून चिवट झाले होते. सोलकढी अशा गुलाबी रंगाची होती की तो रंग कोकमाला आयुष्यात साधला नसता. तिच्याविषयी याहून जास्त लिहावेसे वाटत नाही.

हे सगळे लिहिताना त्या हॉटेलवाल्याविषयी मला फारसा राग वाटत नाही. तो मासे विकत नव्हता, तो जागा विकत होता, आणि जागा खरोखरच चांगली होती. नोव्हेंबरच्या संध्याकाळी, पडदा वर करून, समोर भरतीची खाडी असताना तीच सुरमई कदाचित कोणाच्या लक्षातही आली नसती. मालवण बाजारपेठेत घरगुती खानावळी आहेत, जिथून समोर फक्त शेजाऱ्याची भिंत दिसते आणि हात धुवायला मागच्या दाराशी जावे लागते. तिथे रोज दुपारी तेच कारकून, तेच मास्तर आणि तेच एसटीचे कंडक्टर जेवतात. एक दिवस मासळी उतरलेली निघाली तर दुसऱ्या दिवशी सगळ्या गावाला ते कळलेले असते. पाण्याकाठच्या हॉटेलात येणारा माणूस एकदाच येतो. तो नाराज होऊन गेला तरी त्याच्या जागी दुसरा, अजून नाराज न झालेला, गाडीतून उतरतच असतो. अशा ठिकाणी आचाऱ्यावर खर्च करण्यापेक्षा दिव्यांच्या माळांवर करणे हा हिशेब म्हणून अगदी बरोबर आहे, आणि त्या माळा सुंदर होत्या हे मान्य केलेच पाहिजे.

बिल आले तेव्हा त्यात दहा टक्के सेवा शुल्क आधीच लावलेले होते. वहिनी बँकेत आहे. तिने चष्मा चढवला. जुलै २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने असे शुल्क परस्पर बिलात घालू नये अशी मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती उचलून धरली, हे तिने गल्ल्यावरच्या गृहस्थांना कोणताही आवाज न चढवता, जणू मुदत ठेवीचा व्याजदर सांगावा तसे सांगितले. गृहस्थांनी एका शब्दाने वाद न घालता नवे बिल काढून दिले, ज्यावरून हे वाक्य त्यांना पाठ असावे असे वाटले. दादा मात्र लाजेने मान वळवून पडद्याकडे पाहत राहिला. वहिनीने त्या वाचलेल्या पैशांतून एक नोट त्या वाढणाऱ्या मुलाच्या हातात ठेवली. सबंध रात्रीत ज्याच्याविषयी कोणाची काहीच तक्रार नव्हती असा तो एकटाच होता.

परतताना गाडीत कोणी जेवणाचे नाव काढले नाही. वडिलांच्या पंचाहत्तरीला मुलाने हौसेने दिलेले जेवण वाईट होते असे म्हणायचे कोणी, हा पेच होता, आणि तो बाबांनीच सोडवला. ‘टेबल चांगले मिळाले,’ ते म्हणाले. त्यावर सगळ्यांनी अतिशय मनापासून होकार भरला, कारण त्या वाक्यात खोटे असे काहीच नव्हते.

दुसऱ्या दिवशी दादाने घरच्या ग्रुपवर फोटो टाकले. फोटोत पाऊस ऐकू येत नाही, पडद्यात माळांचे दिवे पडून मागे खाडीवर कसली तरी रोषणाई असल्याचा भास होतो, सुरमईवरचा रवा झळकतो, आणि मध्ये बाबा शाल पांघरून खूश दिसतात. नाशिकच्या मावशीने लगेच लिहिले की काय सुंदर जागा आहे, आम्ही दिवाळीत तिकडे येतोच आहोत, नाव कळवा. दादाने हॉटेलचे नाव, पत्ता आणि फोन नंबर पाठवला, आणि त्याखाली पहिला अंगठा बाबांचा होता.