रिझर्व्हमध्ये जायचंय? आधी सातबारा काढा

सातारा-सांगलीत फौज हा घरातला विषय आहे. अपशिंगे मिलिटरी या गावाच्या नावातच मिलिटरी आहे आणि पहिल्या महायुद्धात या एका गावचे ४६ जवान धारातीर्थी पडले. देशातली पहिली सैनिक शाळा १९६१ साली साताऱ्यातच सुरू झाली. त्यामुळे इथली मुलं अमेरिका-कॅनडाला जाऊन स्थिरावली, ग्रीन कार्ड किंवा पीआर, म्हणजे कायम राहण्याचा परवाना, हातात पडला, की काहींच्या मनात तिथल्या रिझर्व्हमध्ये, म्हणजे सैन्याच्या अर्धवेळ राखीव दलात, जायचा विचार येतोच. गावाकडे फोन केला की वडील पहिलं विचारतात, "म्हणजे आपल्या टीएसारखंच का?"

टीए म्हणजे आपली टेरिटोरियल आर्मी, आणि उत्तर आहे, बरंचसं तसंच. नोकरी-धंदा सांभाळून ठरलेले दिवस वर्दी घालायची आणि बोलावणं आलं की जायचं. फरक दिवसांच्या वाटणीत आहे. आपल्याकडे टीएच्या पायदळ पलटणीत वर्षाला दोन महिन्यांचं ट्रेनिंग असतं. अमेरिकेत महिन्यातून एक शनिवार-रविवार आणि वर्षातून साधारण दोन आठवडे सलग. इंग्लंडच्या आर्मी रिझर्व्हमध्ये बहुतेक युनिटना वर्षाला २७ दिवस भरावे लागतात, त्यात १५ दिवसांचा कॅम्प धरलेला असतो. दिवस भरले आणि चाचण्या पास झाल्या तरच वर्षाचा करमुक्त बोनस, ज्याला तिकडे बाउंटी म्हणतात, तो मिळतो.

कोणाला घेतात, हे देशागणिक वेगळं आहे. अमेरिकेत ग्रीन कार्ड लागतं. एच-वन-बी किंवा स्टुडंट व्हिसावर दार बंद. ग्रीन कार्डवर शिपाई म्हणून भरती होता येतं, पण ऑफिसर व्हायला नागरिकत्व हवं, आणि गोपनीय कामाचे ट्रेडही (सैन्यातली कामाची शाखा म्हणजे ट्रेड) नागरिकांनाच मिळतात. इंजिनियर मुलांचा इथेच हिरमोड होतो, कारण सायबर आणि सिग्नलची बरीच कामं त्यातच मोडतात. कॅनडाने नोव्हेंबर २०२२ पासून पीआरवाल्यांना दार उघडलं. इंग्लंड कॉमनवेल्थचे नागरिक घेतं, म्हणजे भारतीय पासपोर्ट आडवा येत नाही. मात्र तिथे राहण्याचा परवाना कोणता आणि किती वर्षं राहिलात, हे वेगळं तपासतात. ऑस्ट्रेलियाबद्दल मोठा गैरसमज आहे. २०२४ मध्ये "पीआरवाल्यांना घेणार" अशी बातमी आली, पण ती सवलत न्यूझीलंड, इंग्लंड, अमेरिका आणि कॅनडाच्या नागरिकांपुरती आहे. भारतीय पासपोर्टवाल्याला आधी ऑस्ट्रेलियाचं नागरिकत्व घ्यावं लागतं.

सिंगापूरची गोष्ट उलटी, तिथे प्रश्न आवडीचा नाही. आईवडिलांच्या अर्जातून पीआर झालेल्या मुलाला साडेसोळाव्या वर्षी नोंदणी, मग दोन वर्षं पूर्णवेळ सेवा आणि पुढे वयाच्या चाळिशीपर्यंत, ऑफिसर झाला तर पन्नाशीपर्यंत, वर्षाला ४० दिवसांपर्यंत रिझर्व्हचं बोलावणं. मुलाचा पीआर करताना हे माहीत नसतं आणि तो दहावी-अकरावीत आला की घरात धावपळ सुरू होते. तेव्हा पीआर सोडला तर पुढे त्याला तिथे शिक्षण-नोकरीसाठी परत जाणं अवघड होतं. हा निर्णय फॉर्म भरतानाच घ्यायचा असतो.

आता कागद. बहुतेक अर्ज अडतात ते इथेच, आणि अडवणारे कागद इथले, आपल्या जिल्ह्यातले असतात.

अमेरिकेत भरतीआधी पार्श्वभूमीची तपासणी होते, तिचा फॉर्म एसएफ-८६. त्यात मागच्या १० वर्षांचे सगळे पत्ते खंड न पडता द्यायचे असतात. पुण्यातलं कॉट बेसिसवरचं तीन महिन्यांचं वास्तव्यसुद्धा सुटता कामा नये. परदेशातल्या मालमत्तेचा वेगळा भाग असतो, आणि सातबाऱ्याचा प्रश्न इथे येतो. आजोबा गेले, वारसनोंद लागली, फेरफार मंजूर झाला आणि ६० आर उसाच्या रानाला नऊ जणांची नावं लागली. त्यातलं एक नाव अमेरिकेतल्या मुलाचं. त्याच्या लेखी ती जमीन "चुलत्यांची", कारण कसतात चुलते. फॉर्मच्या लेखी तो परदेशातल्या जमिनीचा सहमालक. हे लिहायचं राहिलं की लपवल्याचा संशय येतो. जमीन असणं हा दोष नाही, ती न सांगणं महागात पडतं. म्हणून फॉर्म भरण्याआधी महाभूमीच्या साइटवरून १५ रुपयांत डिजिटल सहीचा सातबारा काढून घ्या. आपलं नाव कोणत्या गटाला, कोणत्या फेरफाराने लागलं, हिस्सा वेगळा की सामाईक, हे बघा. किमतीसाठी रेडी रेकनरचा दर धरून आपल्या वाट्याचा अंदाज काढा आणि तो अंदाज आहे असं तिथेच नमूद करा. एनआरओ खातं (परदेशी राहणाऱ्यांचं भारतातलं बँक खातं), गावच्या पतसंस्थेतली ठेव, आईबरोबरचं जॉइंट खातं, हेही त्याच यादीत.

पुढचा भाग नातेवाइकांचा. आई-वडील, भाऊ-बहीण, सासू-सासरे यांच्यापैकी कोणी परदेशी सरकारच्या किंवा फौजेच्या सेवेत आहे का, असं विचारतात. त्यांच्या दृष्टीने भारत हा परदेश. वडील मराठा लाइट इन्फंट्रीतून सुभेदार म्हणून निवृत्त, भाऊ सध्या सेवेत, सासरे पोलिसात, असं घर आपल्याकडे गल्लोगल्ली आहे. ते जसंच्या तसं लिहायचं. त्यात नकार देण्यासारखं काही नाही, चौकशीला वेळ जास्त लागतो इतकंच. भाऊ सेवेत असेल तर त्याने आपल्या युनिटला ही गोष्ट आधी सांगून ठेवावी. सख्खा भाऊ परकीय सैन्यात जातोय हे त्याच्या वरिष्ठांना दुसरीकडून कळू नये.

आईवडिलांची जन्मतारीखही विचारतात. आपल्या मागच्या पिढीत निम्म्या लोकांची जन्मतारीख १ जून, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी तीच टाकली. घरी खरी तिथी वेगळीच सांगतात, आधारवर तिसरंच काही असतं. एक नियम पाळा: पासपोर्टवर जी आहे तीच सगळीकडे लिहा, अंदाजे म्हणून खूण करायची सोय असते ती करा आणि शेरा लिहायच्या जागेत दोन ओळींत कारण द्या.

नावांचा घोळ आणखी मोठा. सांगली भागात शाळेच्या दाखल्यावर "बाळासो", आधारवर "बाळासाहेब", पासपोर्टवर "बाळासाहेब" पण इंग्रजी स्पेलिंग वेगळं. मुलाच्या नावात वडिलांचं नाव मधे बसलेलं असल्यामुळे तोच फरक मुलाच्या प्रत्येक कागदावर उतरतो. लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींचं तर आडनाव, मधलं नाव आणि कधी पहिलं नावही बदललेलं असतं. "याआधी वापरलेली नावं" या रकान्यात ही सगळी रूपं, स्पेलिंगसकट आणि कोणत्या वर्षापासून कोणत्या वर्षापर्यंत ते लिहून द्यायची. कॅनडातही चौकशी अशीच असते आणि भारतातून आलेल्यांची ती अनेक महिने चालते. पोलिस क्लिअरन्स लागलाच, तर तो पासपोर्ट कार्यालयामार्फतचा घ्यावा. सातारा-सांगलीला पुण्याचं कार्यालय लागतं.

मेडिकलमध्ये आपल्या मुलांना हमखास गाठणारी एक गोष्ट म्हणजे टीबीची चाचणी. लहानपणी बीसीजी घेतलेली असते, त्यामुळे हातावरची मँटू टेस्ट पॉझिटिव्ह येऊ शकते आणि आजार नसताना संशय लागतो. रक्तावरची इग्रा टेस्ट मागून घ्या, तिच्यावर बीसीजीचा परिणाम होत नाही. लहानपणीचं लसीकरण कार्ड सापडत नसेल तर गोवराच्या प्रतिकारशक्तीची रक्ततपासणी चालते, नाहीतर लस परत टोचतात. तेराव्या वर्षानंतर दम्याचं निदान झालेलं असेल तर अमेरिकेत ते अपात्रतेचं कारण ठरतं, मग सवलतीचा वेगळा अर्ज करावा लागतो.

तंदुरुस्तीसाठी कॅनडाची फोर्स टेस्ट मला सगळ्यात प्रामाणिक वाटते, कारण ती घरी जशीच्या तशी करून बघता येते. एका प्रकारात २० किलोचं वाळूचं पोतं जमिनीवरून उचलून एक मीटर उंचीच्या रेषेवर न्यायचं, ३० वेळा, साडेतीन मिनिटांत. पोती दोन असतात, सव्वा मीटर अंतरावर. एकदा हे, एकदा ते. हिशोब केला तर एका उचलीला सात सेकंद मिळतात, म्हणजे घाई नाही. तरी लोक पहिल्या दहा उचली घाईने करतात आणि विसाव्याला कंबर धरतात. सरावाला रिकामी नायलॉनची गोणी घ्या, आत प्लास्टिकची पिशवी घाला, काट्यावर तोलून २० किलो कोरडी वाळू भरा आणि तोंड सुतळीने शिवा. ओली वाळू नको, वजन रोज बदलतं. गोणी गच्च भरू नका. परीक्षेतलं पोतंही हातात लोळतं आणि पकड तिथेच सुटते. गुडघ्यात वाका, पोतं पोटाशी घ्या, मगच उठा. दुसऱ्या प्रकारात दर १० मीटरला पोटावर आडवं पडून उठायचं आणि ८० मीटर ५१ सेकंदांत संपवायचे. जिममध्ये दंड कमावलेली मुलं यात धापा टाकतात. अमेरिकेच्या चाचणीत डेडलिफ्ट, पुश-अप, ओझ्यासह धावणं, प्लँक आणि दोन मैल धावणं असे पाच प्रकार आहेत. माळकरी घरातल्यांसाठी एक सांगतो: अमेरिकी फौजेच्या पाकीटबंद तयार जेवणाच्या २४ प्रकारांत ४ शाकाहारी असतात, पण ते मागून घ्यावे लागतात.

सही करण्याआधी मुदत वाचा. अमेरिकेत एकूण बांधिलकी ८ वर्षांची. साधारणपणे त्यातली सहा ड्रिलची, म्हणजे दर महिन्याच्या सरावाची, आणि दोन नावापुरती, पण त्या दोन वर्षांतही बोलावणं येऊ शकतं. सुरुवातीचं १० आठवड्यांचं ट्रेनिंग आणि नंतरचा ट्रेडचा कोर्स सलग असतात, तेवढे महिने नोकरीतून रजा. १९९४ च्या कायद्याने नोकरी परत मिळण्याचं संरक्षण आहे, मात्र मालकाला आधी कळवलेलं असलं पाहिजे. नागरिकत्व या सेवेमुळे लवकर आणि फी न भरता मिळतं हे खरं, पण पाच वर्षांची सन्मानाची सेवा पूर्ण होण्याआधी बेअब्रूने काढलं गेलं तर ते परतही घेतलं जाऊ शकतं. नागरिकत्वासाठी म्हणून कोणी जात असेल तर मी जाऊ नका म्हणेन. बोलावणं खरंच येतं.

आणि ज्याबद्दल घरात कोणी बोलत नाही ते म्हणजे ओसीआय, परदेशी नागरिक झालेल्या मूळच्या भारतीयांना भारत सरकार देतं ते कार्ड. परदेशी नागरिकत्व घेतलं की भारतीय नागरिकत्व संपतं आणि मग भिस्त ओसीआय कार्डावर. भारत सरकारचा नियम असा की परदेशी सैन्यातल्या, सेवेतल्या किंवा निवृत्त व्यक्तीला ओसीआय मिळत नाही. रिझर्व्हमध्ये गेलात तर हा नियम तुम्हालाही लागू होणार असं धरूनच चाला. कार्ड आधीपासून असेल तर दूतावासाला लेखी विचारा आणि उत्तर जपून ठेवा. साध्या व्हिसावर यायचं तर त्या फॉर्ममध्ये लष्करी सेवेचा प्रश्न असतो; संस्था, हुद्दा, नेमणुकीची जागा, सगळं खरं लिहायचं.

कोणताही एजंट "परदेशी सैन्यात मदतनीस" म्हणून टुरिस्ट व्हिसावर न्यायला निघाला, तर पोराला एसटीतसुद्धा बसू देऊ नका. रशियाला असं नेलेल्यांचं काय झालं ते देशाने पाहिलंय, मार्च २०२४ मध्ये सीबीआयने त्यावर गुन्हाही नोंदवला. खऱ्या रिझर्व्हच्या भरतीला एक रुपया लागत नाही.

भरती झालात की ड्रिलच्या तारखा गावाकडे कळवा. अमेरिकेतलं ट्रेनिंगचं वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होतं, इंग्लंडचं १ एप्रिलला. उन्हाळी कॅम्प बहुतेक जून ते ऑगस्टमध्ये, म्हणजे मुलांच्या सुट्टीत भारतात यायचे दिवस नेमके तेच. सुरक्षा मंजुरी मिळालेली असेल तर भारतात यायच्या आधी युनिटला कळवावं लागतं. बहिणीच्या लग्नाचा मुहूर्त काढताना भटजींसमोर पंचांगाबरोबर ते वेळापत्रकही असू द्या.