गोधडी: एक सलग दुपार, बाकी सवडीने

घरात शिवणकाम अडते ते पसाऱ्यामुळे. ब्लाऊज बेतला की तो कापून, टाचून, बाह्या लागेपर्यंत टेबल अडकून राहते. मध्येच कुकरची शिट्टी होते, दारावर कुणी येते, मुलांचे काहीतरी निघते आणि परत बसेपर्यंत कुठली खूण कशाची होती ते आठवत नाही. गोधडीचे तसे नाही. थर एकदा टाचून झाले की पुढे सगळा धावदोरा, आणि धावदोरा कुठेही थांबवता येतो. सुई काढली, घडी घातली, कोपऱ्यात ठेवली, संपले. दहा मिनिटे मिळाली तर दहा मिनिटांचे काम पदरात पडते. संसार सांभाळून करायच्या शिवणात गोधडीइतके सोयीचे दुसरे काही नाही, हे माझे ठाम मत.

एक अट मात्र आहे. थर अंथरून टाचणे तुकड्यातुकड्याने होत नाही. त्याला एक सलग दुपार, मोकळी फरशी आणि मदतीला दुसरे माणूस लागते. ती दुपार साधली तर गोधडी सरळ येते. तिथे घाई झाली तर पुढचे दोन महिने सुरकुत्या निस्तरण्यात जातात. म्हणून आधी तयारी.

कापड सुतीच घ्यावे. जुनी लुगडी, धोतरे, मऊ झालेल्या सुती साड्या, खादीची चादर. टेरिकॉट किंवा पॉलिस्टर मिसळलेली साडी आतल्या थरात घातली तर ती बाकीच्या थरांवर सरकत राहते आणि घामही शोषत नाही. शंका असेल तर काठाजवळचे चार धागे ओढून, चिमट्यात धरून, सिंकवर जाळून पाहावेत. सूत कागदासारखे जळते आणि राख बोटात भुगा होते. पॉलिस्टर वितळते आणि टोकाला कडक मणी उरतो.

जुनी साडी सगळीकडे सारखी झिजत नाही. नऊवारी कासोट्याच्या भागात, बसायच्या जागी विरते. पाचवारी निऱ्यांच्या तळाशी, टाचेकडे. कमरेत पहिल्यांदा खोचला जातो तो भाग बहुतेक वेळा चांगला असतो. साडी उजेडासमोर धरली की विरलेल्या जागा लगेच दिसतात. दोन्ही अंगठ्यांनी ताणून पाहावे, चर्र झाले तर तो भाग आत, टिकला तर वर. जरीचा काठ काढून टाकावा. तो गालाला टोचतो आणि सुईही अडवतो.

सगळे कापड आधी धुऊन घ्यावे, स्टार्च पूर्ण जाईपर्यंत. स्टार्च राहिला तर सहा थरांतून सुई ओढताना बोटे दुखतात. वरच्या बाजूला नवे सुती कापड लावायचे असेल तर ते दोनदा धुवावे, कारण नवे कापड पहिल्या धुण्यात आटते, आतले जुने आटत नाही, आणि आतल्या आत गोळे होतात. लाल, मरून, गडद निळे कापड असेल तर कोपरा साबणाच्या कोमट पाण्यात भिजवून पांढऱ्या फडक्यावर दाबून धरावा. डाग उमटला तर ते कापड पांढऱ्याशेजारी नको. मीठ किंवा व्हिनेगर घातल्याने बाजारातल्या रंगीत कापडाचा रंग पक्का होतो असे सांगतात, त्यावर विसंबू नये. सुटणारा रंग धुऊन धुऊनच जातो.

आता माप. एका माणसाला पुरेल अशी गोधडी ५ फूट बाय ७ फूट, म्हणजे ६० बाय ८४ इंच. साडीचा पन्हा, म्हणजे रुंदी, साधारण ४५ इंच असतो (जुन्या लुगड्यांचा कमीजास्त असतो, मोजून घ्यावा). ६० इंच लांबीचे दोन तुकडे कापून शेजारी शेजारी ठेवले की एक थर होतो. एका थराला १२० इंच कापड. नऊवारी सव्वाआठ मीटरच्या आसपास, त्यातून दोन थर निघतात आणि जवळजवळ सात फूट उरते. म्हणजे दोन नऊवारी आत, चार थर झाले. एक पाचवारी खाली आणि एक वर. एकूण सहा थर, वजन दीड-पावणेदोन किलो. आपल्याकडच्या थंडीला एवढी पुरते.

खालच्या थरासाठी तुकडे ६४ इंचांचे कापावेत आणि मशीनवर जोडून घ्यावेत. तो ६४ बाय ८८ होतो, चारही बाजूंना दोन-दोन इंच जास्त. तेच जास्तीचे कापड नंतर पुढे दुमडून गोट, म्हणजे कडेची पट्टी होते. आतले थर जोडत बसू नये. दोन तुकडे इंचभर एकमेकांवर चढवले की ८९ इंच होतात, हवेत ८४. हे पाच इंच एका थराला डावीकडे सोडावेत, पुढच्याला उजवीकडे, म्हणजे जोड आपोआप सरकतात. चारही थरांचे जोड एकाखाली एक आले तर गोधडीच्या मधून कायमचा उंचवटा राहतो आणि तो झोपणाऱ्याच्या पाठीला लागतो.

आता ती दुपार. फरशी पुसून पूर्ण कोरडी करावी. खालचा थर उलटी बाजू वर करून पसरावा आणि चिकटपट्टीने फरशीला चिकटवावा. आधी चारही बाजूंचे मध्यबिंदू, मग कोपरे, मग मधल्या जागा. कापड सपाट बसावे, पण ताणले जाऊ नये. ताणून चिकटवलेले कापड पट्टी काढताच आखडते आणि खालून चुण्या पडतात. टाइल्सचे सांधे इथे फार कामाला येतात, काठ त्यांच्या रेषेत ठेवला की काटकोन वेगळा मोजावा लागत नाही.

वर एकेक थर टाकत जावे. प्रत्येक थर मधून कडेकडे तळहाताने फिरवून बसवावा. घाई करू नये, कारण एका थरातली सुरकुती वरच्या थराखाली गेली की ती काढायला सगळे उचलावे लागते. सगळ्यात वरचा थर ठेवला की टाचण. बरेच जण सेफ्टी पिना लावतात, पण दर सहा इंचांना एक धरली तरी या मापाला दीडशेच्या आसपास पिना लागतात, आणि घरात रांगते मूल असेल तर पिना नकोतच. पांढऱ्या सुती दोऱ्याने दोन-तीन इंचांचे लांब टाके घालावेत. रंगीत दोरा नको, त्याचा रंग उतरू शकतो. आधी मधोमध उभी आणि आडवी ओळ, मग दर वितीला एक ओळ, मधून बाहेर. दोन माणसे समोरासमोर बसली तर हे काम दुपारच्या चहापर्यंत आटोपते. टाचून झाले की खालचे दोन इंच पुढे घ्यायचे, एकदा आत मुडपायचे, म्हणजे इंचभराचा गोट येतो. तोही टाचून टाकावा.

मुलांना द्यायचे काम म्हणजे रेघा. सुतार सूत मारतात तसा जाड दोरा खडूच्या भुकटीत घोळवून दोघांनी दोन टोकांना ताणून धरायचा आणि मध्ये उचलून सोडायचा. सरळ रेघ उमटते. काठापासून दर सहा इंचांवर एक चौकट मारली तरी पुरते. मधले फेरे बोटाच्या अंतराने आपोआप सरळ जातात. बॉलपेनने खुणा करू नयेत, त्या जात नाहीत.

टाके काठापासून आत जातात. पहिला फेरा गोटावर, दुसरा पाऊण इंच आत, तिसरा त्याच्या आत. पहिला फेरा चोवीस फुटांचा, पुढचा प्रत्येक फेरा अर्ध्या फुटाने कमी. असे सुमारे चाळीस फेरे, मिळून साडेपाचशे फुटांच्या वर शिवण. फुटाला दोन-तीन मिनिटे धरली तर वीस ते अठ्ठावीस तास. रोज अर्धा तास काढला तर दीड-दोन महिने, म्हणजे गणपतीत टाचलेली गोधडी दिवाळीत अंगावर येते. सुरुवातीचे फेरे संपता संपत नाहीत तेव्हा एक हिशेब ध्यानात ठेवावा: चाळीसपैकी चौदा फेरे झाले की निम्मी शिवण झालेली असते.

दोरा सुती. ८ नंबरचा पर्ल कॉटन, म्हणजे भरतकामाचा पीळदार दोरा चांगला, ८०-८५ मीटरचे तीन गुंडे लागतात. पॉलिस्टरचा दोरा मजबूत असतो हे खरे, पण जुन्या मऊ कापडापेक्षा दोरा बळकट असणे उपयोगाचे नाही. कधीतरी काहीतरी तुटणारच, तेव्हा दोरा तुटावा. तो परत घालता येतो, फाटलेले कापड परत येत नाही. एका वेळी हातभर दोरा घ्यावा. लांब घेतला तर गुंततो आणि सहा थरांतून ये-जा करून मध्येच पिंजतो. मेणावरून एकदा ओढून घेतला की कमी गुंततो. गाठ वर दिसू देऊ नये, हलका झटका देऊन आतल्या थरात ओढून घ्यावी.

सुई दोन-अडीच इंचांची, मोठ्या नेढ्याची. मधल्या बोटात अंगुस्तान, म्हणजे सुई ढकलायची धातूची टोपी. सुई अडत असेल तर साबणाच्या कोरड्या वडीत दोन-तीनदा खुपसावी, आणि ओढताना बोटावर जुन्या रबरी हातमोज्याचे कापलेले टोक चढवावे, पकड लगेच सुधारते. इंचाला चार टाके पुरेत. सहा थरांत याहून बारीक टाका घ्यायला गेले की सुई तिरपी होते आणि वर टाका दिसतो, खाली कापड पकडलेलेच नसते. म्हणून दर फेऱ्याला एकदा गोधडी उलटून मागची बाजू पाहावी. दोरा कधी आवळू नये. वीतभर शिवले की कापड दोन्ही हातांनी अलगद ताणून सुरकुती सोडावी. कोपऱ्यावर एक टाका नेमका वळणावर घ्यावा, नाहीतर कोपरा उचललेला राहतो.

काठाकडून आत जाण्यात एक धोका आहे. प्रत्येक फेऱ्याबरोबर थोडे कापड आत ढकलले जाते आणि शेवटी मधोमध, जिथे दोन फुटांची एकच रेघ उरते, तिथे फुगा येतो. वितीवितीला टाचण घातलेली असेल तर हा फुगा येत नाही किंवा नगण्य असतो. म्हणून टाचण आधीच उसवून टाकू नये, फेरा तिथे पोहोचला की तेवढीच काढावी. तरीही फुगलेच तर वरच्या थराला तिथे बारीक चुणी घालून त्यावर सुंदरसे ठिगळ बसवावे.

कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यात यल्लापूर, हल्याळ भागातल्या सिद्दी (मूळ आफ्रिकी वंशाच्या) समाजातल्या बायका कवंडी नावाची गोधडी शिवतात तीही काठाकडून आतच जाते. तिथे वरचा थर आधी जोडून घेत नाहीत. तुकड्याची कड दुमडायची, ठेवायचा, त्यावरून धावदोरा न्यायचा, की शेजारी पुढचा तुकडा. चारही कोपऱ्यांना दुमडलेल्या कापडाची त्रिकोणी फुले. ज्यांच्याकडे पूर्ण साडी नाही, नुसत्या चिंध्यांची पिशवी आहे, त्यांनी ही रीत धरावी. ठिगळांचा नकाशा आधी मांडून ठेवावा लागत नाही, त्यामुळे मध्ये थांबले तरी काही बिघडत नाही.

मशीनवर करायची असेल तर चार थरांच्या वर जाऊ नये. १६ नंबरची सुई, ३ मिलिमीटरचा टाका, दाबपट्टीचा दाब कमी. मशीनवर मात्र मधून बाहेर शिवावे. साधा पाय वरचा थर पुढे ढकलतो आणि ओळीच्या शेवटी चुणी येते. वॉकिंग फूट, म्हणजे वरचा थरही खालच्याबरोबर सरकवणारा पाय लावला की ती बहुतेक जाते. डाव्या हाताला स्टूल ठेवून गोधडीचे ओझे त्यावर टाकावे, लोंबत राहिली तर टाके लहानमोठे पडतात.

एवढे मोठे काम पहिल्यांदाच नको वाटत असेल तर दुपटे करावे. एका पाचवारीतून ४० इंचांचे पाच तुकडे निघतात, चार दुपट्याला, पाचवा ठिगळांना. सहा ते नऊ तासांची शिवण. त्यावर टिकल्या, आरसे, बटणे लावू नयेत. तान्ह्या बाळाच्या अंगाखाली घालावे, झोपताना तोंडावर येईल असे पांघरू नये.

सुयांची शिस्त पहिल्या दिवसापासून हवी. तीनच सुया काढाव्यात, झाकणाच्या डबीत ठेवाव्यात, उठताना मोजाव्यात. सुई गोधडीत खोचून कधीही उठू नये, कारण मुले गोधडीवर लोळणारच. सुई मोडली तर दोन्ही तुकडे सापडेपर्यंत काम थांबवावे. लोहचुंबक फिरवला की थरात अडकलेला तुकडा कळतो.

धुताना एकटीच धुवावी, ब्लीच नको. ओली गोधडी फार जड होते. एकाच दोरीवर टाकली तर सगळे ओझे एका घडीवर येऊन टाके तुटतात. दोन-तीन दोऱ्यांवर आडवी पसरावी किंवा गच्चीच्या कठड्यावर टाकावी, आणि दोन्ही बाजूंनी ऊन द्यावे. पावसाळ्यात धुऊ नये, आतले थर दमट राहिले की बुरशीचे काळे ठिपके पडतात आणि ते निघत नाहीत. ठेवताना कडुनिंबाचा वाळलेला पाला घालावा. बाळाच्या कपड्यांत आणि दुपट्यांत डांबरगोळ्या मुळीच ठेवू नयेत. एखादी ओळ सुटलेली दिसली तर दोन्ही बाजूंच्या शाबूत टाक्यांवरून दोन-दोन इंच मागे जाऊन ती लगेच परत घालावी, नाहीतर पुढच्या धुण्यात शेजारची ओळही सुटते.