विभागाचा सर्व्हर बदलताना: माझा अनुभव

आमच्या विद्यापीठ विभागाचा सर्व्हर सेंटओएस 7 या लिनक्स कार्यप्रणालीवर चालत होता आणि त्या आवृत्तीला सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळण्याची मुदत 30 जून 2024 रोजी संपली. संशोधकांची विदा, प्रबंधांचे मसुदे आणि विभागाचा डेटाबेस ज्या यंत्रावर आहे, ते अशा अवस्थेत इंटरनेटला जोडलेले ठेवणे मला पटेना. जुन्याच यंत्रावर प्रणालीची पुढची आवृत्ती चढवण्याची साधने आहेत. तरीही मी नव्या यंत्रावर रॉकी लिनक्स 9 ही प्रणाली बसवायचे ठरवले, कारण मध्येच काही बिघडले तर परत फिरायला जुना सर्व्हर जसाच्या तसा हवा होता.

रेड 6 पद्धतीने डिस्क जोडणे, म्हणजे दोन डिस्क निकामी झाल्या तरी विदा शाबूत राहते, आणि प्रणाली बसवणे ही कामे लवकर उरकली. खरा वेळ खाल्ला तो फाइलींच्या मालकीने.

लिनक्स फाइलीवर मालकाचे नाव नोंदवत नाही, केवळ क्रमांक नोंदवते. आमची अनेक खाती सेंटओएस 6 च्या काळातली होती आणि त्या वेळी वापरकर्त्यांचे क्रमांक 500 पासून सुरू होत. सातव्या आवृत्तीपासून ही सुरुवात 1000 वर गेली आणि 999 व त्याखालचे क्रमांक प्रणालीच्या सेवांना, म्हणजे पार्श्वभूमीत चालणाऱ्या प्रोग्रॅमना, वरून खाली मिळू लागले. जुन्या यंत्रावर माणसांनी हे क्रमांक आधीच घेतलेले असल्यामुळे सेवांना रिकामे क्रमांक मिळाले होते. नव्या यंत्रावर मात्र सेवा आधी आल्या. त्यामुळे आरसिंक या फाइली नकलणाऱ्या साधनाने पहिली चाचणी नक्कल केली तेव्हा एका विद्यार्थिनीचे संपूर्ण फोल्डर पॉलकिटडी नावाच्या सेवेच्या मालकीचे दिसू लागले. ही गोष्ट चाचणीत सापडली, याचे मला आजही समाधान वाटते.

मी प्रत्येक जुन्या क्रमांकात 10000 मिळवून नवी खाती केली आणि फाइलींची मालकी त्यानुसार बदलली. एवढ्याने भागले असे वाटले, पण सामायिक प्रकल्पांच्या फोल्डरांवर मूळ मालकाखेरीज इतरांना दिलेल्या परवानग्या वेगळ्या यादीत असतात, त्या यादीतही क्रमांकच असतात आणि मालकी बदलली तरी ती यादी बदलत नाही. शेवटी जुन्या सर्व्हरवर गेटएफएसीएल या आज्ञेने या परवानग्या नावांसह एका मजकूर फाइलीत उतरवल्या आणि नव्या सर्व्हरवर सेटएफएसीएल या आज्ञेने पुन्हा लावल्या. नावे दोन्हीकडे सारखी असल्यामुळे सर्व काही जागेवर बसले. असे काम करणाऱ्याने ही यादी प्रथमच उतरवून घ्यावी, असे मी आग्रहाने सांगेन.

विभागाचा डेटाबेस पोस्टग्रेस या प्रणालीत आहे. त्याच्या फाइली थेट न उचलता पूर्ण डंप, म्हणजे सर्व नोंदींचा उतारा, काढून तो नव्या यंत्रावर भरला. लिनक्सच्या ग्लिबसी या मूलभूत लायब्ररीच्या 2.28 या आवृत्तीपासून मजकुराचा क्रम लावण्याचे नियम बदलले आहेत आणि जुन्या क्रमाने बांधलेल्या डेटाबेसच्या अनुक्रमणिका (इंडेक्स) तशाच आणल्या तर असलेली नोंदही शोधात सापडत नाही. डंप भरताना त्या नव्याने बांधल्या जातात. पायथन भाषेच्या जुन्या आवृत्तीवर, पायथन 2 वर, चालणारे विद्यार्थ्यांचे जुने प्रोग्रॅम कंटेनरमध्ये, म्हणजे बाकी प्रणालीपासून वेगळ्या कप्प्यात, ठेवले.

प्रत्यक्ष बदलाच्या दोन दिवस आधी मी डीएनएस नोंदीची, म्हणजे सर्व्हरच्या नावाचा पत्ता सांगणाऱ्या नोंदीची, इतरांनी ती साठवून ठेवण्याची मुदत 86400 सेकंदांवरून 300 वर आणली, म्हणजे नवा पत्ता सर्वांपर्यंत काही मिनिटांत पोहोचेल. शनिवारी रात्री सर्वांची लॉगिन थांबवून शेवटची नक्कल केली. बहुतेक फाइली आधीच पोहोचल्या असल्यामुळे ती लवकर आटोपली.

सोमवारी एका प्राध्यापकांनी विचारले की रोज रात्री आपोआप होणारी त्यांची गणना दोन दिवस झाली कशी नाही. ठरल्या वेळी कामे आपोआप चालवणाऱ्या क्रॉन या सेवेची वापरकर्त्यांची वेळापत्रके त्यांच्या होम फोल्डरात नसतात, ती व्हार खालच्या स्पूल फोल्डरात असतात आणि ते फोल्डर नक्कल करायच्या माझ्या यादीत नव्हते. जुना सर्व्हर अजून चालू होता, म्हणून त्या दुपारीच सर्वांची वेळापत्रके तेथून आणता आली.