तुम्ही विचारलंत म्हणून: शिक्षेनंतर बंदुकीचा परवाना

भावकीच्या मारामारीत शिक्षा झाली, ती भोगूनही झाली. आता रानडुकरांपासून भात राखायला बारा बोअरची बंदूक परत मिळेल का? कोकणातून हा प्रश्न वारंवार येतो. मिळू शकते. पण रद्द झालेला परवाना मुदत उलटली म्हणून जिवंत होत नाही. नव्याने अर्ज करावा लागतो.

शस्त्र अधिनियम 1959, कलम 9. हिंसेच्या किंवा नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात कितीही मुदतीचा कारावास झाला, तरी शिक्षा संपल्यापासून 5 वर्षं शस्त्र बाळगायला बंदी. सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. लोक निकालाच्या तारखेपासून मोजतात. निकाल 2019 चा, पण शिक्षा 10 जून 2020 ला पुरी झाली, तर बंदी जून 2025 पर्यंत. अपिलात शिक्षेला स्थगिती घेऊन जामिनावर असाल, तर उरलेली शिक्षा डोक्यावर तशीच आहे; 5 वर्षांची मोजणी सुरूच झालेली नाही.

नुसता दंड झाला असेल तर ही बंदी लागत नाही. परिवीक्षा कायद्याखाली (प्रोबेशनवर, म्हणजे तुरुंगात न पाठवता चांगल्या वर्तनाच्या अटीवर) सोडलं असेल, तरी 1958 च्या त्या कायद्याचं कलम 12 दोषसिद्धीची अपात्रता लागू देत नाही. चॅप्टर केसचं, म्हणजे शांतता राखण्यासाठीच्या प्रतिबंधक कारवाईचं, मात्र वेगळं: तिथे बंधपत्राचा (शांतता किंवा चांगलं वर्तन राखण्याच्या लेखी हमीचा) आदेश झाला, तर त्याची मुदत संपेपर्यंत बंदी असते. हे कुणी सांगत नाही आणि अर्ज त्यावरच अडकतो.

बंदी उठली म्हणजे हक्क मिळाला असं नाही. शस्त्र अधिनियमाच्या कलम 14 खाली अधिकारी तुम्हाला अयोग्य ठरवू शकतो, म्हणून कागद भक्कम हवेत: निकालाची प्रमाणित प्रत, शिक्षा पुरी झाल्याचा तुरुंगाचा दाखला, दंड भरल्याची पावती, सातबारा, पीक नुकसानीचे पंचनामे. अर्ज जिल्ह्यात जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे, आयुक्तालयाच्या हद्दीत पोलीस आयुक्तांकडे. पोलीस ठाण्याचा अहवाल मागवला जातोच. म्हणून जुनी शिक्षा अर्जात स्वतःहून लिहा, कृपा करून लपवू नका. माहिती दडवून मिळवलेला परवाना कलम 17 खाली रद्द होतो, आणि मग पुढच्या अर्जावर कुणी विश्वास ठेवत नाही.

नकार आला तर कारणं लेखी मागा. अपिलाची मुदत 30 दिवस. जिल्हादंडाधिकाऱ्यांच्या आदेशावर विभागीय आयुक्तांकडे जायचं, पोलीस आयुक्तांच्या आदेशावर राज्य शासनाकडे.

आणि जुनी बंदूक? परवाना गेला की ती घरात एक दिवसही ठेवू नका. पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून क्रमांकासह पावती घ्या. कायदेशीर परवाना असलेल्याला ती विकायची मुभा कलम 21 देतं. ठरलेल्या मुदतीत काहीच केलं नाही, तर ती सरकारजमा होऊ शकते.