भागाकार सोपा, भांडण छेदावरून

काय करतेस असं कोणी विचारलं आणि मी कमर्शियल प्रॉपर्टी मॅनेजमेंट कंपनीत अकाउंटंट आहे म्हटलं की समोरून हमखास येतं, "अच्छा, म्हणजे भाडं गोळा करता." अहो ते तर सगळ्यात सोपं काम! रेंट रोलवर, म्हणजे भाडेकरू आणि त्यांच्या भाड्याच्या यादीत, आकडा असतो, इन्व्हॉइस जातं, पैसे आले तर आले नाहीतर एजिंग रिपोर्टमध्ये, म्हणजे थकबाकीच्या यादीत, जाऊन बसतात. खरी डोकेदुखी कॅमची, म्हणजे कॉमन एरिया मेंटेनन्स. लिफ्ट, लॉबीतले लाईट, सिक्युरिटी, साफसफाई, या सगळ्याचा अंदाज बांधून भाडेकरूंकडून दर महिन्याला पैसे घ्यायचे आणि वर्ष संपलं की खरा खर्च मांडून हिशोब जुळवायचा, कमी पडले तर मागायचे, जास्त घेतले असतील तर क्रेडिट द्यायचं.

पहिल्याच वर्षी मी यात तोंडावर आपटले. बिल्डिंग समजा १,००,००० स्क्वेअर फुटांची, भाडेकरूकडे ५,०००, म्हणजे वाटा ५ टक्के. पण तेव्हा बिल्डिंग ६० टक्केच भरलेली होती आणि मी हुशारी करून भरलेल्या जागेने भागलं, त्यामुळे वाटा झाला ८.३३ टक्के. स्टेटमेंट गेली आणि दुसऱ्या दिवशी एका भाडेकरूच्या अकाउंटंटचा फोन, आवाज एकदम शांत, त्याचीच जास्त भीती वाटते. आमचे सर एवढंच म्हणाले, "अगं, ॲग्रीमेंट वाचलंस का?" वाचलं नव्हतं. त्यात साफ लिहिलेलं, भाड्याने देण्याजोग्या एकूण जागेने भागायचं, रिकाम्या गाळ्यांचा बोजा मालकाचा.

मग सगळा हिशोब नव्याने केला, तर आता मालक चिडले. म्हणे रिकाम्या मजल्यांवर झाडू फिरतच नाही, मग साफसफाईचे ४० टक्के मी का भरू? आणि गंमत म्हणजे त्यांचंही बरोबर होतं, त्याच ॲग्रीमेंटमध्ये पुढे ग्रॉस-अपचं कलम होतं. म्हणजे जो खर्च माणसं वाढली की वाढतो तो बिल्डिंग पूर्ण भरलेली आहे असं धरून फुगवायचा आणि मग वाटा काढायचा. साफसफाईला ६० लागले असतील तर १०० धरा, ५ टक्केवाल्याकडून ५ घ्या, सगळ्यांचे मिळून बरोबर ६० च जमतात, एक पैसा जास्त नाही. इन्शुरन्सला मात्र हे लावायचं नाही, बिल्डिंग रिकामी असो की भरलेली, प्रीमियम तेवढाच.

बरं हे एका करारापुरतं. कोणाला दरवर्षीच्या कॅमवाढीवर कॅप, म्हणजे कमाल मर्यादा आहे, कोणाच्या करारात छत बदलण्यासारखं भांडवली काम कॅममध्ये टाकायचंच नाही असं आहे, कोणी आधीच्या वर्षांची बिलं तपासायचा हक्क लिहून घेतलाय. आता माझ्या एक्सेलमध्ये प्रत्येक रकमेशेजारी कलम नंबरचा कॉलम असतो. तो शांत आवाजवाला अकाउंटंट अजूनही दरवर्षी फोन करतो, यंदा तर स्टेटमेंट पाठवायच्या आधीच आला, छेद काय धरलाय विचारायला.